खुडूक नव्हती, आजारी होती

आठ दिवस आमची तांबडी कोंबडी कोपऱ्यात पिसं फुगवून बसलेली. आई म्हणाली, खुडूक झालीय, अंडी उबवायला बसलीय. आज उचलली तर हातात नुसता कागद! छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं बोटांना लागलं. वरून कोंबडी गुबगुबीतच दिसते, पिसं सगळं लपवतात. तुराही पांढुरका. विष्ठा डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. जंतांची अंडी निघाली. वजन ९०० ग्रॅम, दिवाळीत सव्वा किलो होतं (हो, आम्ही कोंबड्या तोलतो). औषध दिलं, दोन आठवड्यांनी परत द्यायचंय. तोवर तिची अंडी खायची बंद.

रात्री बॅटरी मारून खुराडं पाहिलं, तर दांडीखाली रक्त पिऊन लाल झालेले बारीक किडे! दिवसा एक दिसत नाही मेला. उद्या उकळतं पाणी.

आत्ता तिने ज्वारीचे चार दाणे टिपले.