तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे लोक मतदान का करत नाहीत?

निवडणूक झाली, टक्केवारी जाहीर झाली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा तयारच असतं: लोकांना पडलेलीच नाही, सुट्टी मिळाली की फिरायला जातात. मतदार यादीचं काम जवळून बघणाऱ्याला हे उत्तर अपुरं वाटतं. बेफिकीर लोक आहेतच. पण ज्यांना मत द्यायचं होतं आणि देता आलं नाही, असेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आधी टक्केवारी कशाची असते ते बघू. २०२४च्या लोकसभेला देशात साधारण ६६ टक्के मतदान झालं, महाराष्ट्रात ६१ टक्के. राज्यात गडचिरोली-चिमूर ७२ टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण मुंबई ५० टक्क्यांवर. हे आकडे प्रौढ नागरिकांच्या संख्येवर काढलेले नसतात, यादीतल्या नावांवर काढलेले असतात. ज्याचं नावच यादीत नाही तो या हिशेबात कुठेच येत नाही. उलट वारलेला माणूस, घर सोडून गेलेलं कुटुंब, दोन ठिकाणी नाव असलेला मतदार, हे सगळे हिशेबात धरलेले असतात. समजा एका केंद्राच्या यादीत १२०० नावं आहेत, त्यातली १५० अशी आहेत आणि ६०० जणांनी मत दिलं. कागदावर ५० टक्के दिसतात. खरे मतदार १०५०, म्हणजे प्रत्यक्षात ५७ टक्के. जिथे लोक सारखे घरं बदलतात तिथे यादी जास्त शिळी होते. शहरी उदासीनतेवर बोलताना हा भाग बाजूला ठेवता येत नाही.

यादी शिळी का राहते? वारलेल्या माणसाचं नाव काढायला फॉर्म ७ लागतो आणि घरात दुःख असताना तो भरायचं कुणाला सुचत नाही. घर बदललेल्या माणसाचं नाव परस्पर काढता येत नाही, त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नियम रास्त आहे. पण नोटीस जाते ती जुन्या पत्त्यावर, जिथे तो राहतच नाही. मुंबईतल्या पुनर्विकासात हे फार दिसतं. चाळ रिकामी होते, बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत विखुरतात, कुणी मिरा रोडला, कुणी डोंबिवलीला. बीएलओ, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी, चाळीच्या जागी जातो तर तिथे पत्रे ठोकलेले. तो ‘स्थलांतरित’ असा शेरा मारतो आणि पुढे नाव निघतं. काही वर्षांनी नव्या टॉवरची चावी मिळते, कुटुंब परत येतं आणि मतदानाच्या सकाळी कळतं की यादीत घरातलं कुणीच नाही. हातात कार्ड मात्र असतं.

या कार्डावरूनच सर्वांत मोठा गैरसमज आहे. मतदार ओळखपत्र म्हणजे मताचा अधिकार नव्हे, ती फक्त ओळख. अधिकार यादीतल्या नावाला. कार्ड हरवलं तरी यादीत नाव असेल तर आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, मनरेगा जॉबकार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक अशा मान्य पुराव्यांपैकी एकावर मत देता येतं. नाव नसेल तर कार्ड दाखवून उपयोग नाही. ‘गेल्या वेळी दिलं होतं की’ हेही चालत नाही.

लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींचं तर वेगळंच. नाव माहेरच्या यादीत, राहणं सासरी, कागदपत्रांवर कधी माहेरचं आडनाव तर कधी सासरचं. अनेक घरांत तिच्यासाठी नवीन मतदार म्हणून फॉर्म ६ भरून टाकतात. माहेरचं नाव तसंच राहतं आणि एकाच बाईची दोन नावं होतात. कायद्याने एका व्यक्तीचं नाव एकाच ठिकाणी असायला हवं. छाननीत दुबार नोंद सापडली की नेमकं नवं नाव उडतं, असंही होतं. बरोबर रस्ता फॉर्म ८ चा. त्यात एका वेळी एकच कारण निवडायचं असतं, त्यामुळे आधी पत्ता बदलाचा अर्ज, तो मंजूर झाला की नावातल्या दुरुस्तीचा दुसरा. सासरच्या पत्त्याचा पुरावा तिच्याच नावाचा हवा असं नाही. नवरा त्या पत्त्यावर आधीपासून मतदार असेल तर त्याच्या नावाचं वीजबिल किंवा पासबुक चालतं. ही एवढी गोष्ट कुणी न सांगितल्यामुळे कितीतरी बायका ‘माझ्या नावावर काहीच नाही’ म्हणून अर्जच करत नाहीत.

भाडेकरूंची अडचण याच जातीची आहे. नोंदणीकृत भाडेकरार चालतो, पण अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्याला दर वर्षी यादीची आठवण राहणं कठीण. काही घरमालक ‘इथलं नाव लागलं तर पुढे हक्क सांगाल’ या भीतीने पत्ताच वापरू देत नाहीत. या भीतीला आधार नाही. मतदार यादीत नाव असल्याने घरावर कसलाही हक्क येत नाही. आणि घर नावावर आहे एवढ्यावरून तिथला मतदारही होता येत नाही, तिथे सर्वसाधारणपणे राहावं लागतं. ज्याच्याकडे एकही कागद नाही, अगदी पदपथावर झोपणारा असला तरी, त्याच्याही नोंदणीची सोय आहे. तो सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन बघायचं असतं. नियम चांगला आहे, वापर फार कमी.

मग वेळेचा प्रश्न. लोक जागे होतात ते निवडणूक जाहीर झाल्यावर. नावासाठी आलेल्या अर्जांची यादी सात दिवस हरकतींसाठी लावावी लागते, त्याआधी निर्णय देता येत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख गेली की यादी गोठते. मागे मोजत गेलं तर अर्ज त्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधी हातात यायला हवा. २०२४च्या विधानसभेला काय झालं बघा: कार्यक्रम जाहीर झाला १५ ऑक्टोबरला, उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, म्हणून नाव नोंदवायला १९ ऑक्टोबरपर्यंतच वेळ. चार दिवस. मतदान २० नोव्हेंबरला असल्यामुळे लोकांना वाटलं महिनाभर हातात आहे. नोव्हेंबरात ज्यांनी फॉर्म भरले त्यांचे अर्ज फुकट गेले नाहीत, पण त्या मतदानासाठी उपयोगी पडले नाहीत.

अठरा वर्षं पूर्ण होण्याची तारीखही लक्षात ठेवण्यासारखी आहे. पूर्वी फक्त १ जानेवारी धरायचे, त्यामुळे फेब्रुवारीत अठरा झालेला मुलगा जवळजवळ वर्षभर थांबायचा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज देता येतो. महाविद्यालयांनी हे काम अकरावी-बारावीच्या प्रवेशासोबत केलं तर निम्मी अडचण संपेल असं मला मनापासून वाटतं.

नाव असूनही माणूस केंद्रावरून परत जातो, त्याचीही ठरावीक कारणं असतात. केंद्र बदललेलं असतं आणि हा जुन्याच शाळेत रांगेत उभा राहतो. घरातल्या चौघांची नावं यादीच्या दोन वेगळ्या भागांत गेलेली असतात, म्हातारीला दुसऱ्या केंद्रावर न्यायला गाडी नसते. २०२४ साली केंद्रात मोबाइल नेता येत नव्हता आणि तो ठेवायचा कुठे हे कुणी सांगत नव्हतं. कागदपत्रं फक्त फोनमध्ये असलेली तरुण मंडळी दारातूनच वळली. यानंतर निवडणूक आयोगाने केंद्राबाहेर फोन जमा करण्याची सोय करायचं ठरवलं, ते बरं झालं. घरी आलेल्या मतदार चिठ्ठीवर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असतो, तो सोबत न्यावा. मात्र ती चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून २०१९ पासून चालत नाही. नावातल्या बारीकसारीक चुकांवरून, वेलांटी किंवा वडिलांच्या नावातल्या एखाद्या अक्षरावरून, कुणी परत पाठवत असेल तर तिथेच थांबा आणि केंद्राध्यक्षांशी बोला. ओळख पटत असेल तर मत नाकारायचं नसतं.

‘तुमचं मत आधीच पडलंय’ असं ऐकून लोक भांडून निघून जातात, हे तर फारच वाईट. अशा वेळी प्रदत्त मत मागायचं. केंद्राध्यक्ष ओळखीबद्दल प्रश्न विचारतात, उत्तरं समाधानकारक असली की मतपत्रिका देतात. हे मत यंत्रात न जाता कागदावर होतं आणि वेगळ्या पाकिटात जपून ठेवलं जातं. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर त्याला मोल येतं आणि त्या केंद्रावर गैरप्रकार झाल्याची लेखी नोंद राहते. संध्याकाळच्या रांगेचंही तसंच: वेळ संपताना जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं. शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात, म्हणजे मागून कुणी घुसू नये.

आता ज्यांचं काम आडवं येतं ते. ऊसतोड मजूर दिवाळीनंतर बीडमधून निघतात, त्यांचं नाव गावात आणि फड तीनशे किलोमीटरवर. २०२४चं विधानसभेचं मतदान नेमकं या दिवसांत आलं. ज्याची उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली आहे तो मताला परत यायचा खर्च कुठून आणणार? दूरच्या मतदारांसाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये रिमोट मतदान यंत्राची कल्पना मांडली, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ घेता येतील अशी. पक्षांनी शंका घेतल्या आणि गाडी तिथेच थांबली. शंका खोट्या नव्हत्या, परक्या जिल्ह्यात सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी आणि आचारसंहिता कशी सांभाळणार हा खरा प्रश्न आहे. तरी मजुरांचं मत दर खेपेला बुडतं, आणि मला वाटतं या सगळ्यात सगळ्यात मोठा अन्याय हाच.

शहरातल्या रोजंदारीवाल्यांना लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी आहे, रोजावर असले तरी आणि नोकरी दुसऱ्या मतदारसंघात असली तरी. पण मोडणाऱ्या मालकाला दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये. वॉचमन, घरकामाच्या बायका, डिलिव्हरीची मुलं यांच्यापर्यंत ही सुट्टी क्वचित पोहोचते. ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं, त्यासाठी फॉर्म १२डी अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. हे पाच दिवस बहुतेकांच्या लक्षात येईपर्यंत गेलेले असतात.

उरले खरोखर न जाणारे. मे २०२४ मध्ये मुंबईचं मतदान सोमवारी होतं, शनिवार-रविवारला जोडून. विधानसभेला मुद्दाम बुधवार निवडला, मोठ्या सोसायट्यांच्या आवारातच केंद्रं दिली, आणि राज्याचा आकडा ६६ टक्क्यांपर्यंत गेला. त्याचं श्रेय एकट्या बुधवारला देता येणार नाही, पण वार आणि अंतर यांनी फरक पडतो एवढं नक्की. कुलाब्यात मात्र तेव्हाही ४५ टक्क्यांच्या आतच मतदान झालं. जिथे पाणी, शाळा, दवाखाना, सुरक्षा सगळं पैसे मोजून विकत घेता येतं तिथे नगरसेवक-आमदारावाचून काही अडत नाही, आणि ते आकड्यात दिसतं. ‘कुणीच लायक नाही’ म्हणणाऱ्यांना २०१३ पासून नोटाचं बटण आहे. त्याने निकाल फिरत नाही, पण नाराजी मोजली जाते. घरी बसलेल्याची नाराजी आणि आळस आकड्यात एकसारखे दिसतात.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या वेळी एक गोष्ट नेहमी चुकते. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी स्वतंत्र बनवत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असते तशी घेऊन ती प्रभागांत फोडतात. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेता येते ती चुकीच्या प्रभागात नाव गेलं किंवा विधानसभेच्या यादीत असूनही सुटलं यासाठी. मुळात तिथेच नाव नसेल तर प्रभाग कार्यालयात कितीही खेटे घातले तरी लागत नाही. म्हणून नाव शोधायचं ते विधानसभेच्या यादीत, निवडणुकीचा पत्ता नसताना, वर्षातून एकदा: निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा १९५० या क्रमांकावर. घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं बघा. एकाचं आहे म्हणून सगळ्यांचं असेलच असं नाही.