तुझ्यापरास बैल बरा

दहावीच्या मराठीच्या पेपरच्या आदल्या दिवशी मुलांना दोन तास शाळेत बोलावलं होतं. अपठित उतारा आणि रसग्रहण वीस मिनिटांत उरकलं. ते काही आदल्या दिवशी सांगून येत नाही. उरलेला वेळ अलंकारांना.

वर्षभर मीच त्यांच्याकडून यादी घोकून घेतली होती. सम, सारखा, वाणी, परी, तुल्य दिसलं की उपमा. जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. यादीवर गुण मिळतात, खोटं कशाला बोलू! मग फळ्यावर लिहिलं, 'झाले बहु, होतिल बहु, आहेतहि बहु, परंतु यासम हा.' अख्खा वर्ग ओरडला, "उपमा!" 'सम' दिसला ना.

"बरं, कोणासारखा?" असं म्हणून 'हा'खाली रेघ मारली, ते उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची ते. ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान शोधायला गेले तर खडू 'या'वर येऊन थांबला. म्हणजे पुन्हा तोच. वर्ग गप्प. पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आई मला म्हणते, तुझ्यासारखी वेंधळी तूच. तसं का?"

तसंच! ज्याला उपमा त्याचीच द्यावी लागते, तो अनन्वय अलंकार. इतका सोपा करून मला तो कधी सांगता आला नव्हता.

मग काय, घरोघरच्या शिव्या बाहेर पडल्या. 'तू म्हणजे कुंभकर्ण' हे रूपक. 'पुस्तक बघून जणू भूतच दिसलं याला' ही उत्प्रेक्षा. 'हा मुलगा नव्हे, मागच्या जन्मीचा वैरी आहे' यावर तर मी टाळीच वाजवली. उपमेय नाकारून उपमान पुढे करायचं, ती अपन्हुती. परीक्षेच्या धास्तीने आलेली मुलं पोट धरून हसत होती.

एवढ्यात मागच्या बाकावरून एकजण उठला. सहसा तोंड न उघडणारा. "आमचं आबा म्हणत्यात, तुझ्यापरास बैल बरा, हाक मारली की वळतो तरी. ह्यो व्यतिरेक का?"

मी अडकले. व्यतिरेकाला आम्ही शिकवतो 'अमृताहुनी गोड नाम तुझे देवा'. उपमेय उपमानाहून सरस. इथे उपमान बैल, आणि सरस तोच! "नाही," म्हटलं. "पण फरक तर दावलाय की," तो म्हणाला. म्हटलं, बघून सांगते.

घरी आल्यावर एम.ए.चं पुस्तक काढलं. काश्मीरचा जुना काव्यशास्त्रकार मम्मट म्हणतो, उपमेयाचंच आधिक्य हवं. पण शतकभराने त्याच काश्मीरमधला रुय्यक उलटंही चालेल म्हणतो. म्हणजे पोराची बाजू घेणारा आलंकारिक बाराव्या शतकातच होऊन गेला होता! रात्री फोन लावला तर आबांनीच उचलला. "काय केलं त्यानं?" हा पहिला प्रश्न. काही नाही म्हटलं, त्याला द्या जरा. त्याला सांगितलं, "तुझं खोटं नव्हतं. पण पेपरात मात्र उपमेय श्रेष्ठ असंच लिही. तिथे रुय्यक तपासायला नसतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्राबाहेर उभी होते. गर्दीतून पॅड हलवत तो आला. पेपर कसा गेला, हे मी विचारायच्या आतच म्हणाला,

"मॅडम, बैल आलाच न्हाई."