बोनसचा आकडा सगळ्यात शेवटी वाचा

भारतात सातबाऱ्यावर नाव असलं तरी जमिनीखालचं तेल सरकारचंच. अमेरिकेत मात्र खनिज हक्क शेतकऱ्याच्या मालकीचे असू शकतात, आणि ते जमिनीपासून वेगळे काढून विकताही येतात. त्यामुळे पेन्सिल्व्हेनिया, ओहायो किंवा टेक्ससमध्ये ज्याचं शेत आहे, त्याने शेल गॅसच्या (खोल शेल खडकात अडकलेल्या नैसर्गिक वायूच्या) लीजवर, म्हणजे तो काढू देण्याच्या करारावर, बोलण्याआधी काउंटी कोर्टहाऊसमधली जुनी खरेदीखतं काढावीत. आधीच्या एखाद्या मालकाने ‘खनिजं राखून’ विक्री केली असेल, तर तुमच्या हाती फक्त वरची माती आहे. टेक्ससमध्ये तर खनिजवाल्याला गरजेपुरती ती मातीही वापरता येते.

हक्क तुमचेच निघाले, तर कंपनीचा लँडमन, म्हणजे लीज मिळवणारा तिचा माणूस, सहीबद्दलचा एकरी बोनस सांगतो आणि सगळ्यांचं लक्ष तिथेच अडकतं. बोनस एकदाच मिळतो. तोही पुष्कळदा चेकने नव्हे, तर टायटल (मालकी हक्क) तपासल्यावरच वटणाऱ्या ड्राफ्टने. तोवर लीज मात्र नोंदवलेली असते, म्हणजे पैसे नाहीत आणि जमीनही अडकलेली. पैसे हातात पडेपर्यंत नोंदणी नाही, हे लिहून घ्या.

खरी मारामारी रॉयल्टीच्या, म्हणजे गॅसविक्रीतल्या तुमच्या वाट्याच्या, वाक्यात असते. पेन्सिल्व्हेनियात 1979 च्या कायद्याने किमान एक अष्टमांश, म्हणजे 12.5 टक्के रॉयल्टी ठरवली. पण गॅस दाबणं, सुकवणं, पाइपलाइनने नेणं हे खर्च त्यातून कापता येतात, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये किल्मर खटल्यात दिला. समजा गॅस 3 डॉलरला विकला आणि 1.20 डॉलर खर्च लावला, तर 18 टक्के रॉयल्टी प्रत्यक्षात 10.8 टक्क्यांवर येते. कपात नसलेले 12.5 टक्के त्याहून बरे! म्हणून ‘विक्रीच्या एकूण रकमेवर, कोणतीही वजावट न करता’ हे शब्द हवेत. कंपनी स्वतःच्याच उपकंपनीला स्वस्तात विकत असेल, तर बाहेरचा खरेदीदार देईल तो भाव धरावा, हेही घाला.

मुदत साधारण पाच वर्षांची, पण पुढे ‘उत्पादन चालू असेतो’ अशी शेपटी असते. तुमच्या 120 एकरांपैकी 10 एकर युनिटमध्ये (विहिरीसाठी एकत्र केलेल्या जमिनींच्या गटात) गेले आणि विहीर चालू राहिली, तर उरलेले 110 एकरही वर्षानुवर्षं बांधलेले राहतात. त्यावर इलाज पग क्लॉज नावाच्या कलमाचा: युनिटबाहेरची जमीन मुदत संपताच सुटते. तो खोलीलाही लावून घ्या. मार्सेलस या शेल थरातून गॅस निघतोय म्हणून त्याखालचा युटिका थर फुकटात का अडकवायचा? विहीर बंद ठेवून नाममात्र शट-इन (बंद विहिरीचं) भाडं देत लीज जिवंत ठेवण्यालाही वर्षांची मर्यादा घाला.

जमिनीवर पॅड (ड्रिलिंगचा सपाट केलेला तळ), रस्ता, पाण्याचे तलाव नको असतील, तर ‘पृष्ठभाग वापरबंदी’ची लीज मागा. आडवी विहीर शेजारून येऊन तुमच्या खालून जाऊ शकते, त्यामुळे रॉयल्टी बुडत नाही. पाइपलाइनची परवानगी लीजमध्ये मिसळू देऊ नका. तिचा करार वेगळा आणि मोबदलाही वेगळा.

ड्रिलिंगआधी तुमच्या पाण्याच्या विहिरीची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्या: मिथेन, क्लोराइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम. नमुना प्रयोगशाळेच्या माणसानेच घ्यावा. पेन्सिल्व्हेनियात 2012 च्या कायद्यानुसार शेल विहिरीपासून 2,500 फुटांच्या आत, काम संपल्यापासून 12 महिन्यांत पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचा मानला जातो. पण आधीच पाणी खराब होतं हे कंपनीने दाखवलं, तर ते गृहीतक गळून पडतं. म्हणून आधीचा अहवाल तुमच्याकडेही हवा.

उत्पादन सुरू झालं की डिव्हिजन ऑर्डर, म्हणजे तुमचा वाटा लिहिलेला कागद, सहीसाठी येते. त्यातला दशांश अपूर्णांकातला वाटा स्वतः मांडून पाहा: 640 एकरांच्या युनिटमध्ये तुमचे 50 एकर आणि रॉयल्टी 12.5 टक्के, तर 50 भागिले 640 गुणिले 0.125, म्हणजे 0.009765625. आकडा जुळत नसेल किंवा लीजच्या अटी बदलणारं एखादं वाक्य आत घुसवलेलं असेल, तर सही करू नका. आणि पहिल्या महिन्यांचे चेक बघून ट्रॅक्टरचं कर्ज काढू नका. शेल विहिरीचं उत्पादन साधारणपणे पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येतं.