बुडणारं लेबल आणि ईपीआरचा हिशोब

पेट या प्लास्टिकच्या बाटल्या रिसायकल करताना धुलाईच्या टाकीत एक साधा नियम चालतो. पेटचे तुकडे तळाशी जातात, पॉलिप्रॉपिलीनची झाकणं वर तरंगतात. पण बाटलीवर पीव्हीसीचं श्रिंक लेबल, म्हणजे गरम करून आवळून बसवलेलं लेबल, असलं की सगळं बिघडतं. त्याची घनता पेटच्या जवळपास असल्यानं तेही बुडतं. पुढे 260 ते 280 अंशांवर पेट वितळतं तेव्हा पीव्हीसी करपतं, वितळवून बनवलेल्या प्लास्टिकच्या दाण्यात काळे ठिपके येतात आणि त्यातून सुटणारं आम्ल यंत्राचा स्क्रू खातं. लेबल निवडलं ब्रँडवाल्यानं, नुकसान सोसलं रिसायकलरनं. त्याच जागी पॉलिप्रॉपिलीनचं लेबल लावलं तर ते झाकणांबरोबर आपोआप वेगळं होतं. विकलेल्या पॅकेजिंगच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर, म्हणजेच ईपीआर, हवी ती याचसाठी.

केंद्राच्या फेब्रुवारी 2022 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ती टाकली खरी, पण वजनावर. कडक प्लास्टिकच्या पॅकेजिंगपैकी 2024-25 मध्ये किमान 50 टक्के रिसायकल व्हायला हवं होतं, 2027-28 पासून 80 टक्के हवं. प्लास्टिकसोबत कागद किंवा अॅल्युमिनियमचा थर असलेल्या पॅकेजिंगला हेच आकडे 30 आणि 60. किलो मोजणाऱ्या या हिशोबात चांगलं लेबल आणि वाईट लेबल सारखंच. रिसायकलला सोप्या रचनेला कमी शुल्क आणि अवघड रचनेला जास्त, असा फरक केल्याशिवाय कुणी लेबल बदलणार नाही.

नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखानदारांचा मोठा आक्षेप रिसायकल्ड मालाच्या वापरावर असतो. कडक पॅकेजिंगमध्ये 2025-26 पासून 30 टक्के आणि 2028-29 पर्यंत 60 टक्के रिसायकल्ड दाणा वापरायचा आहे. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. प्रत्येक लॉटचा रंग आणि वितळल्यावरचा प्रवाह बदलतो. पेट साधारण 160 अंशांवर चार-पाच तास सुकवून ओलावा दहा लाख भागांत 50 च्या खाली आणावा लागतो. पावसाळ्यात इथं घाई केली की प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि बाटली ठिसूळ निघते. खाद्यपदार्थांसाठी वेगळी मंजुरी लागते ती वेगळीच. नियमांत सूट मागता येते, पण ठरल्यापेक्षा जास्त रिसायकल्ड माल वापरणाऱ्यांकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात.

आणि इतकं प्लास्टिक रिसायकल केलं असं सांगणाऱ्या रिसायकलरच्या प्रमाणपत्रांचीच खोटी बाजू 2023 मध्ये उघड झाली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सुमारे 6 लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली. कागद छापायला वीज लागत नाही, पाणी लागत नाही. टाकी चालवणारा प्रामाणिक माणूस त्या भावाशी कसा टिकणार? उद्योगाची ही तक्रार मला शंभर टक्के पटते.

'पाकीट विकल्यावर ते आमच्या हातात नसतं,' हे उद्योगाचं म्हणणं मात्र पटत नाही. नागपुरातल्या इतवारीच्या कबाड्याकडे जरा पाहा. 20 ग्रॅमची बाटली धरली तर 50 बाटल्यांत किलो भरतो. 3 ग्रॅमची पाकिटं किलोभर जमवायला सव्वातीनशेवर वेचावी लागतात आणि त्यांना भावही नाही. म्हणून बाटली उचलली जाते, पाकीट नाल्यात किंवा भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातं. कंपनीचं उद्दिष्ट मात्र दुसऱ्या राज्यातल्या मालावरही पूर्ण होतं, नियमानुसारच.

ही पाकिटं चंद्रपूरकडच्या सिमेंट भट्ट्यांत इंधन म्हणून जाऊ शकतात. पण सुटी भरली की ट्रक आधी जागेनं भरतो, वजन होतच नाही, आणि ओल्या कचऱ्यात भिजली असली तर भट्टीला उष्मांकही मिळत नाही. म्हणजे ती कोरडी वेगळी करायची, दाबयंत्रात गठ्ठे बांधायचे, मग पाठवायची. वेचणाऱ्याची मजुरी, दाबयंत्राचं वीजबिल आणि चंद्रपूरपर्यंतचं ट्रकभाडं, हे तीन खर्च पाकीट बनवणाऱ्याच्या खात्यात पडायला हवेत.