अचाफलायातला कट्टा

ह्यूस्टनमध्ये मित्रमंडळींनी भेटायचं म्हणजे आधी महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर तारखा जुळवायच्या, आणि प्रत्यक्ष भेटीत जेवण उरकतंय तोवर कोणीतरी गाडीच्या किल्ल्या चाचपायला लागतो. मुलीचा भरतनाट्यमचा क्लास, मुलाचं सॉकर, पहाटेची फ्लाइट. बोटीची सगळ्यात मोठी खुबी ही, की तिच्यावरून कोणालाही लवकर निघता येत नाही.

म्हणून वसंतात, पाणी चढलं की आम्ही साडेतीन तास गाडी हाणत लुइझियानात जातो. लाफिएटला राहणाऱ्या एका मित्राकडे पाँटून बोट आहे. दोन लांबलचक पोकळ नळकांडी, त्यांवर सपाट तळ, कडेनं बाक, वर कापडी छत. दिसायला अगदी बेंगरूळ. पण खरं म्हणजे तो तरंगता कट्टाच. फरक एवढाच, की कट्ट्यावर बसलं की जग समोरून जातं. इथं कट्टाच जगासमोरून जातो, तोही रमतगमत.

अचाफलाया ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी नदीकाठची दलदल. हेंडरसन गावापाशी बांध ओलांडायचा आणि बोट पाण्यात सोडायची. या दलदलीवरून इंटरस्टेट १० चा जवळपास २९ किलोमीटरचा पूल जातो. वरून जाणाऱ्यांना झाडांचे शेंडे दिसतात आणि पूल कधी संपतोय असं होतं. खालून जाताना आधी ट्रकांची घरघर डोक्यावर असते, मग एक वळण, आणि ती बंद.

बायू म्हणजे तसा नदीचाच फाटा. पण वाहायची घाई नसलेला. पाणी कुठल्या दिशेला चाललंय हे पान टाकून बघावं लागतं. समुद्राजवळच्या बायूंत तर भरती आली किंवा दक्षिणेचा वारा सुटला, की ते उलटंही चालू लागतं. दोन्हीकडे सायप्रसची झाडं पाण्यात उभी असतात, बुंध्याशी फुगलेली. त्यांच्या मुळांतून गुडघ्यांसारखे खुंट वर आलेले असतात, आणि ते झाडाला नेमके कशासाठी लागतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. फांद्यांवरून लोंबणाऱ्या करड्या जटांना इथले लोक स्पॅनिश मॉस म्हणतात. ते शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. पूर्वी ती वाळवून गाद्यांत भरत. आमच्यातल्या एकीला हे ऐकल्यापासून त्या जटांकडे बघितलं की झोप येते, असं ती म्हणते. तिला एरवीही येते.

जुनी सायप्रसची बनं १९०० च्या आगेमागे लाकडासाठी जवळपास साफ केली गेली. त्यांचे बुडखे अजून पाण्याखाली आहेत. सायप्रस सहजी कुजत नाही, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीच्या करवतीचा हिशेब आज बोटीच्या पंख्याला द्यावा लागतो. साहजिकच सुकाणूवर बसणारा एक आणि ‘डावीकडे घे’, ‘अरे, जरा हळू’ म्हणणारे बाकी सगळे, अशी कामाची वाटणी आपोआप होते. सूचनांपैकी तीस टक्केच पाळायच्या, हा बोटवाल्या मित्राचा नियम.

या तीस टक्क्यांना इतिहास आहे. मिसिसिपी नदी फार वर्षांपासून आपलं पात्र सोडून अचाफलाया नदीत शिरू बघते आहे, कारण या वाटेनं समुद्र जवळपास निम्म्या अंतरावर आहे. तिनं तसं केलं तर बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्स कोरड्या काठावर बसतील. म्हणून वर, या दोन नद्या जवळ येतात त्या ओल्ड रिव्हर नावाच्या जागी लष्कराच्या इंजिनिअरांनी १९६३ मध्ये दरवाजे बांधून पुरे केले. मिसिसिपी आणि रेड या नद्यांच्या एकूण पाण्यापैकी तीस टक्के अचाफलायात सोडायचं, सत्तर टक्के मिसिसिपीत ठेवायचं. १९७३ च्या पुरात त्या बांधकामाच्या पायाखालची माती वाहून गेली आणि ते थोडक्यात वाचलं.

मला ही गोष्ट विलक्षण वाटते. जिथं सगळं कसं निवांत, निसर्गाच्या मर्जीनं चाललंय असं वाटतं, तिथलं पाणी रोज मोजून येतं. आमच्यातला सिव्हिलवाला दरवाज्यांच्या बाजूचा. त्याच्या मते अजून शंभर वर्षं काळजी नाही. बाकी आम्ही नदीच्या बाजूचे. कारण काही नाही, तो एकटा पडतो म्हणून.

दुपारी भूक लागते. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातले, झिंग्यांसारखे जीव. त्यांचे जाळीचे पिंजरे पाण्यात जागोजागी लावलेले दिसतात, पण आम्ही आपले गावातून उकडलेले विकत आणतो. ब्रिटिशांनी १७५५ पासून नोव्हा स्कॉशियातून ज्या फ्रेंच भाषिकांना हाकललं, त्यांतले बरेच पुढे इथं आले. तेच इथले केजन लोक. तिखटाच्या बाबतीत यांच्याशी आपलं जमतं. शेपूट पिळून मांस काढायचं, डोकं चोखायचं. मालवणच्या मित्राला हे कोणी शिकवावं लागलं नाही. शाकाहारी वहिनींना आम्ही पहिल्यांदा मोठ्या उत्साहानं क्रॉफिशसोबत आलेली मक्याची कणसं आणि बटाटे दिले होते. ते कुठल्या भांड्यात उकडलेत हे त्यांनीच आम्हाला समजावून सांगितलं. आता त्या थालीपिठं आणतात, आणि आम्ही त्यांतलीही संपवतो.

जेवण झालं की जलपर्णीवरून वाद. हो, इथंही तीच, पाषाण तलावातली. मूळची दक्षिण अमेरिकेची, जांभळी फुलं बघून कौतुकानं आणलेली, आणि मग आवरेना. १९१० मध्ये इथला खासदार रॉबर्ट ब्रुसार्ड यानं अमेरिकन काँग्रेसमध्ये चक्क विधेयक आणलं, की आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत. ते जलपर्णी खातील आणि आपण त्यांना खाऊ, म्हणजे मांसाची टंचाईही मिटेल. विधेयक बारगळलं. पण पुणेकर मित्राला योजना पटली आणि ती मुळा-मुठेत कशी राबवता येईल यावर तो बोलत सुटला. निविदा निघतील, पाणघोड्यांना टँकरनं पाणी द्यावं लागेल, गणपतीत त्यांना कुठं हलवायचं...

प्राणिशास्त्र शिकलेली मैत्रीण जटांकडे बघत आडवी झाली होती. तिनं डोळे न उघडता सांगितलं, की पाणघोडा दिवसभर पाण्यात नुसता पडून असतो. चरायला तो रात्री काठावर जातो, आणि खातो ते गवत.

“म्हणजे पाण्यात काहीच करत नाही?”

“काही नाही. चारचौघांत डुंबतो.”

“मग आणायचे कशाला? आपण आहोत की,” वहिनी म्हणाल्या आणि चिवड्याचा डबा पुढं सरकवला.