गूगल कॅलेंडरचं इन्क्रिमेंटल सिंक कसं बसवलं – माझा अनुभव

नाशिकमधल्या एका क्लासेसवाल्यांचं काम माझ्याकडे आलं होतं. प्रत्येक वर्गखोलीचं वेगळं गूगल कॅलेंडर, आणि दाराशी एक टीव्ही, ज्यावर आज कुठली बॅच कुठल्या खोलीत ते दिसतं. कॅलेंडर ऑफिसमधल्या ताई मोबाईलवरून भरतात, त्यांचा हात त्यावर बसलाय, त्यामुळे ते बदलायचं नाही हे आधीच ठरलं. तक्रार एकच होती, रद्द केलेली बॅच टीव्हीवरून जातच नाही. पालक मुलाला गाडीवर बसवून आणायचे, टीव्हीवर बॅच दिसायची आणि खोलीला कुलूप.

आधी ज्यांनी कोड लिहिला होता त्यांनी साधं ठेवलं होतं, दर थोड्या वेळाने आजपासून पुढचे सगळे इव्हेंट मागवायचे, आयडी डेटाबेसमध्ये असेल तर अपडेट, नसेल तर नवीन टाकायचा. पण गूगलच्या यादीत डिलीट झालेले इव्हेंट सहसा येतच नाहीत, तुम्ही मुद्दाम मागितल्याशिवाय. म्हणजे जे गेलं त्याची खबर त्या कोडला कधी लागणारच नव्हती. शिवाय कुणी काही बदललेलं नसतानाही प्रत्येक कॅलेंडरची अख्खी यादी परत परत ओढली जायची ती वेगळीच.

यावर गूगलच्या एपीआयमध्ये (आपला कोड ज्यातून गूगलशी बोलतो ते) सिंक टोकन आहे, म्हणजे मागच्या वेळी कुठपर्यंत आलो होतो त्याची खूण. त्यावरून फक्त बदल आणायचे, हेच इन्क्रिमेंटल सिंक. पहिल्यांदा पूर्ण यादी घ्यायची, ती पानापानाने येते, एका पानावर न सांगता २५० आणि सांगितलं तर जास्तीत जास्त २५०० इव्हेंट. प्रत्येक पानाबरोबर पुढच्या पानाचं टोकन मिळतं, आणि एकदम शेवटच्या पानावर, फक्त तिथेच, सिंक टोकन मिळतं. ते जपून ठेवायचं. पुढच्या वेळी तेच टोकन पाठवलं की तेव्हापासून जे बदललं तेवढंच येतं, आणि डिलीट झालेले इव्हेंट पण येतात, 'कॅन्सल्ड' असं स्टेटस लावून. मला विचाराल तर लोक याच्याकडे फक्त स्पीडसाठी बघतात पण खरी किंमत या कॅन्सल्डची आहे, काय गेलं हे सांगणारी यादी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, एखादं पान अर्धंच भरलेलं किंवा चक्क रिकामं येऊ शकतं आणि तरी पुढच्या पानाचं टोकन त्यात असतं. म्हणून पान रिकामं आलं म्हणून थांबायचं नाही, पुढच्या पानाचं टोकन येईनासं झालं की मगच थांबायचं. आणि सिंक टोकनबरोबर तारखेची चाळणी, सर्च, क्रम लावणं यातलं काहीही चालत नाही, सरळ ४०० एरर येते, म्हणजे विनंतीच चुकीची. पहिल्या पूर्ण सिंकला 'या तारखेपासून पुढचे' अशी अट घालता येते, नंतर सिंक टोकन पाठवताना ती काढायची. विनंतीबरोबर जाणारे बाकीचे पॅरामीटर (सेटिंग) मात्र पहिल्या वेळी होते तेच ठेवायचे.

खरा वेळ गेला तो रिपीट होणाऱ्या बॅचमध्ये. क्लासचं जवळजवळ सगळंच रिपीट असतं, मंगळवार-गुरुवार संध्याकाळी ६. एपीआयला सांगितलं तर तो प्रत्येक मंगळवार सुटा करून देतो, पण मग ताईंनी बॅचचं नुसतं नाव बदललं तरी ढीगभर इव्हेंट बदलून येतात, म्हणून मी मूळ मालिका एक आणि तिचे अपवाद (बदललेले किंवा रद्द झालेले दिवस) वेगळे असंच घेतलं आणि तारखा आपल्याकडे पसरवल्या, म्हणजे नियमावरून एकेक दिवस आपल्याच कोडने काढला.

आता २०२४ ची अनंत चतुर्दशी घ्या, १७ सप्टेंबर, मंगळवार. मिरवणुकीमुळे त्या दिवशीची बॅच रद्द, बाकी मालिका तशीच. सिंकमध्ये काय येतं, तर एक छोटासा कॅन्सल्ड इव्हेंट. त्याचा आयडी म्हणजे मालिकेचा आयडी, मग अंडरस्कोर, मग तारीख आणि १२३०००, कारण आपले संध्याकाळचे ६ म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतले दुपारचे १२:३०. त्यात नाव, खोली, शिक्षक असतीलच याची खात्री नाही. हमखास मिळतात त्या तीनच गोष्टी, त्याचा स्वतःचा आयडी, मालिकेचा आयडी आणि मूळ सुरुवातीची वेळ. म्हणजे 'नाव नाही म्हणजे डेटा खराब' असं चेक कुठे लावलेलं असेल तर रद्द झाल्याची खबर तिथेच अडकते! आमच्याकडे असं चेक होतं, ते काढलं. बॅच रद्द न करता बुधवारी ढकलली तर अपवादाची सुरुवात बुधवारची दिसते आणि मूळ वेळ मंगळवारची, तेव्हा मालिकेतला मंगळवार झाकायला मूळ वेळच बघायची, नाहीतर दोन्ही दिवशी बॅच दिसते.

अजून एक, इव्हेंट कुठल्या क्रमाने येतील याचा भरवसा नाही. अपवाद पहिल्या पानावर आणि त्याची मालिका तिसऱ्या पानावर असं होऊ शकतं. त्यामुळे डेटाबेसमध्ये अपवादाला मालिकेशी फॉरेन कीने (मालिका आधी असलीच पाहिजे अशा अटीने) बांधलं नाही, नुसता आयडी ठेवला आणि जोडणी वाचताना केली.

तारखा पसरवताना आशिया/कोलकाता टाइमझोनमध्येच पसरवा, यूटीसीमध्ये नको. त्यांची एक बॅच पहाटे ५ ची आहे, बुधवारची, आणि यूटीसीमध्ये ती मंगळवारी रात्री ११:३० होते, मग 'दर बुधवारी' हा नियम यूटीसीमध्ये लावला की वार चुकलाच. आणि दिवसभराच्या इव्हेंटला वेळ नसते, नुसती तारीख असते, त्यातही शेवटची तारीख धरायची नसते. दिवाळीची सुट्टी २९ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर असेल तर एपीआय शेवट ४ नोव्हेंबर सांगतो. टीव्हीवर ४ तारखेला पण सुट्टी झळकली असती तर मुलं घरीच बसली असती.

टोकन सेव्ह करण्याबद्दल मी फार आग्रही आहे. इव्हेंट आणि नवीन टोकन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गेले पाहिजेत, म्हणजे लिहिले तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. टोकन आधी सेव्ह झालं आणि इव्हेंट लिहिता लिहिता सर्व्हर बंद पडला तर मधले बदल कायमचे गेले, परत कुणी सांगायला येणार नाही. उलट झालं तर काही बिघडत नाही, तेच बदल परत येतात आणि परत लिहिले जातात. टोकन प्रत्येक कॅलेंडरचं वेगळं असतं, तर कोडमधलं कुलूप (लॉक) पण प्रत्येक कॅलेंडरला वेगळं लावलं, म्हणजे एकाच कॅलेंडरची दोन सिंक एकदम चालणार नाहीत.

कधीतरी ४१० एरर येते. टोकन जुनं झालं, किंवा कॅलेंडर कुणाला शेअर केलंय यात बदल झाला, अशा कारणांनी गूगल ते रद्द करतं आणि मग साठवलेलं सगळं पुसून पहिल्यापासून पूर्ण सिंक करायचं असतं. पण क्लास सुरू असताना सगळं पुसलं तर टीव्ही कोरा होणार, म्हणून मी नवीन डेटा बाजूच्या टेबलमध्ये भरते आणि पूर्ण झाला की एका झटक्यात अदलाबदल. ही ४१० आपल्याला हवी तेव्हा येत नाही, तर टेस्टमध्ये खोटा रिस्पॉन्स देऊन हा रस्ता तपासून घ्या, तो चालतो हे माहीत असल्याशिवाय मी तरी लाइव्ह करणार नाही.

बदल लगेच दिसावा म्हणून पुश नोटिफिकेशन लावलं, म्हणजे बदल झाला की गूगल आपणहून आपल्या सर्व्हरला मेसेज पाठवतं. ते म्हणजे दारावरची बेल, कुणीतरी आलंय एवढंच कळतं, कोण ते दार उघडून बघायचं. मेसेजच्या बॉडीमध्ये काहीच नसतं, हेडरवरून (मेसेजच्या वरच्या माहितीवरून) कळतं कुठल्या चॅनेलचं, म्हणजे कुठल्या बेलच्या जोडणीचं आहे, आणि मग आपण टोकन घेऊन सिंक चालवायचं. चॅनेल सुरू केल्यावर पहिला मेसेज 'सिंक' स्टेटचा येतो, तो फक्त चॅनेल सुरू झाल्याचा. आपल्या पत्त्याला एचटीटीपीएस आणि नीट सर्टिफिकेट लागतं, स्वतः बनवलेलं चालत नाही. चॅनेलची मुदत संपते आणि ते आपोआप रिन्यू होत नाही, मुदतीआधी नवीन उघडणारा जॉब लागतो. शिवाय सगळी नोटिफिकेशन पोचतीलच असं गूगल पण म्हणत नाही, म्हणून ठराविक वेळाने होणारं सिंक मी चालूच ठेवलंय, टोकनमुळे ते आता अगदी हलकं आहे, बहुतेक वेळा रिकामी यादी आणि नवीन टोकन, बास.

आता ताईंनी मोबाईलवर बॅच काढली की टीव्हीवरून ती थोड्याच वेळात जाते. पुढचं काम उलट दिशेचं आहे, शिक्षकांना आमच्या ॲपमधून वेळ बदलता यावी. त्यात ताईंनी मधल्या वेळात केलेला बदल पुसला जाऊ नये म्हणून प्रत्येक इव्हेंटचा ईटॅग (इव्हेंट बदलला की बदलणारी खूण) मी आत्तापासूनच साठवतेय, लिहिताना तो पाठवला आणि मध्ये काही बदललं असेल तर ४१२ एरर येते, मग आधी सिंक करून नवीन वेळ शिक्षकांना दाखवायची आणि त्यांनी बघून होकार दिला की मगच परत पाठवायचं.