तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्याच्या पिल्लाला शिकवायला कधी सुरुवात करायची?

“अजून लहान आहे हो, सहा महिन्यांचं झालं की ट्रेनिंग सुरू करू ना?” पिल्लू घरी आणलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्नाच्या सुरातच उत्तर ठरलेलं असतं, आम्ही फक्त मान डोलवायची. ती आम्ही डोलवत नाही.

सहा महिन्यांचा आकडा जुन्या पद्धतीतून आलाय. गळ्यातल्या साखळीला हिसके देऊन शिकवायचे, तेव्हा कोवळी मान जरा भरेपर्यंत थांबावं लागे. खाऊ देऊन शिकवायचं तर थांबायला काही कारणच नाही. आणि तुम्ही थांबलात म्हणून पिल्लू थोडंच थांबतंय? भुंकलं की माणूस येतो, उडी मारली की अंगावरून हात फिरतो, मोजा पळवला की अख्खं घर मागे धावतं, एवढं ते पहिल्या आठवड्यातच शिकून मोकळं होतं. सहा महिन्यांनी आपण ज्याला ‘वाईट सवय’ म्हणतो, तो बहुतेक वेळा आपणच नकळत घेतलेला अभ्यास असतो.

घाई करायला आणखी एक कारण आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे न घाबरता अनुभवतं, ते त्याच्या लेखी जगाचा नेहमीचा भाग होतं. पुढे अनोळखी गोष्टीची पहिली प्रतिक्रिया संशयाची होत जाते. पिल्लू घरी येतं आठव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे तुमच्या हाती उरतात जेमतेम चार ते सहा आठवडे. इकडे लसींची मालिका सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते आणि ‘लसी होईपर्यंत बाहेर काढू नका’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ते शब्दशः पाळलं की ती मुदत घरातच संपते. मधला मार्ग आहे. पहिली लस होऊन आठवडा उलटला की आपल्या डॉक्टरांना विचारून पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर पडा. भटकी किंवा अनोळखी कुत्री जिथे फिरतात, तिथे जमिनीवर ठेवू नका. छत्री, हेल्मेट, काठी टेकत चालणारं माणूस, रडणारं मूल, मोटारसायकलचा आवाज हे सगळं लांबून दाखवा आणि प्रत्येक वेळी एक खाऊ द्या. खाऊचा तुकडा वाटाण्याहून लहान हवा, आणि दिवसभराच्या आहारातला त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच ठेवा. आवडता खाऊसुद्धा पिल्लू तोंडात घेत नसेल तर ते घाबरलंय, मागे सरका. पाहुण्यांच्या हातून हातात पिल्लू फिरवण्याला लोक ‘सोशलायझेशन’, म्हणजे माणसांची सवय लावणं, म्हणतात. पिल्लाला मात्र त्यातून एवढंच कळतं की माणसं पकडतात आणि सुटता येत नाही. जवळ जायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.

आता चावण्याबद्दल, कारण दुसऱ्या दिवशीचा फोन त्याचाच असतो. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात, सुईसारखे. चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत 42 पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात हे खरं, पण चावण्याचं मोठं कारण खेळ आहे. पिल्लं एकमेकांशी तोंडानंच खेळतात. दात लागला की आपण हात झटकन ओढतो आणि पळणारा हात म्हणजे तर सर्वांत भारी खेळणं! म्हणून हात ढिला सोडा, एक शब्द न बोलता उठा आणि दाराच्या किंवा जाळीच्या पलीकडे जा. पंधरा-वीस सेकंद पुरे. पाच मिनिटं गेलात तर कशामुळे गेलात हे त्याच्या लक्षातच राहत नाही. परत येताना हातभर लांबीचं दोरीचं खेळणं आणा, म्हणजे दात आणि बोटं यांच्यात अंतर राहील. तोंड दाबून धरणं, नाकावर टिचकी मारणं यातून हाताची भीती बसते. मग तोच हात कान तपासायला गेला की पिल्लू खरंखुरं चावतं.

संध्याकाळी पिल्लू अंगात आल्यासारखं धावतं, पायजम्याला लटकतं, काही ऐकत नाही. लोकांना वाटतं, ताकद जिरली नाही, अजून दमवू. बहुतेकदा उलटंच असतं: ते झोपेला आलेलं असतं. लहान पिल्लाला दिवसाकाठी अठरा ते वीस तास झोप लागते. तासभर जागं राहिलं की क्रेटमध्ये (दाराच्या पिंजऱ्यात) किंवा शांत कोपऱ्यात झोपवा. चावण्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानंच कमी होतात, असं आमचं मत आहे.

उडी मारणं, जेवताना ताटाशी भुंकणं, यांना एकच नियम: लक्ष द्यायचं नाही. चारही पाय जमिनीवर आले की त्याच क्षणी द्यायचं. पण दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस भुंकणं वाढतं, कारण आतापर्यंत चालणारी युक्ती पिल्लू जोर लावून पुन्हा करून पाहतं. नेमकं तिथेच घरातलं कुणीतरी कंटाळून “घे बाबा एकदाचं” म्हणतं. झालं, आता पिल्लाला चिकाटीचं फळ मिळालं. दहातून एकदा मिळणारं बक्षीस सवयीला दर वेळच्या बक्षिसापेक्षा जास्त पक्कं करतं. चार माणसांपैकी तिघांनी पाळलेला नियम हा नियम नसतोच.

शू-शीचं गणित सोपं, पण चिकाटीचं आहे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचं, आणि जागेपणी दर अर्ध्या-पाऊण तासानं. जितके महिने वय, त्यात एक मिळवून जितके तास होतील, ती दिवसा रोखून धरण्याची कमाल मर्यादा. ती ताणू नका. नेलं की एका जागी मुकाट उभं राहायचं. शू संपल्यापासून दोन सेकंदांत, तिथेच खाऊ. घरात परतून दिलात तर बक्षीस दारातून आत येण्याचं होतं. घरात झालीच तर एन्झाइमवाल्या क्लीनरनं पुसा. फिनाइलचा वास आपल्याला पुरतो, त्याखालचा लघवीचा वास कुत्र्याच्या नाकाला येतच राहतो. नाक घासणं, ओरडणं यातून पिल्लू ‘घरात शू करू नये’ असं नव्हे, तर ‘यांच्यासमोर करू नये’ असं शिकतं. मग सोफ्यामागे ओलं सापडतं आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर ते शू करत नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित धडा एकटं राहण्याचा. सुट्टी काढून पंधरा दिवस चोवीस तास पिल्लाजवळ बसायचं आणि सोळाव्या दिवशी आठ तास कुलूप लावून जायचं, याहून मोठा धक्का नाही. पहिल्या दिवसापासून सुरू करा: चघळायला काही देऊन दुसऱ्या खोलीत जा, पाच सेकंदांत परत या. मग वीस सेकंद, एक मिनिट, तीन मिनिटं. मध्येच पुन्हा दहा सेकंद, कारण वेळ सतत वाढतच गेली तर तेही पिल्लाच्या लक्षात येतं. ते रडण्याआधी परतायचं. रडलंच तर ‘रडून रडून गप्प होईल’ म्हणून सोडू नका. तो टप्पा तुम्ही जास्त ताणलात एवढाच त्याचा अर्थ, पुढच्या वेळी वेळ निम्मी करा.

ताटलीत हात घालून ‘मालक कोण’ ते दाखवू नका. त्यानं ताटली राखायचीच सवय लागते. जेवत असताना जवळून जा, त्याच्या जेवणाहून चविष्ट तुकडा टाका, निघून जा. तोंडातला मोजा हवा असेल तर ओढू नका, पाठलाग करू नका. बदल्यात काही द्या. गुरगुरलं तर रागावू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद पाडलीत तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात लागतील.

पंजे, कान, दात रोज अर्धा मिनिट हाताळा. नखं कापायची ती एका दिवसात एकच.

आणि सातव्या-आठव्या महिन्यात ते शिकलेलं सगळं विसरल्यासारखं वागेल, हाक ऐकूनही उलट्या दिशेनं पळेल. वयात येतंय. तेव्हा पाच-दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा, गळपट्ट्याला नको, आणि दहा-बारा आठवड्यांचं असताना जे धडे घेतलेत तेच पुन्हा काढा. आलं की खाऊ, कितीही उशिरा आलं तरी. रागावण्यासाठी मात्र नावानं हाक मारू नका. रागावायचंच असेल तर गप्प राहून स्वतः त्याच्याकडे चालत जा. तोवर राग बराचसा उतरलेला असतो.